रक्त काढल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एक मावशी रिपोर्ट घेऊन घरी आल्या. चेहरा खुललेला. उपाशीपोटीची शुगर ९८ आली होती. सात वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला असा आकडा कधी दिसलाच नव्हता. "गेली की वो साखर, उद्यापासून गोळ्या बंद करू का?" त्यांनी विचारलं.

रक्त किती वाजता दिलं, असं मी विचारलं. सकाळी सातला, घराजवळच. लाल टोपीच्या एकाच ट्यूबमध्ये घेतलं होतं. रिपोर्टवर नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची वेळ छापलेली होती, बारा वाजून दहा मिनिटं. मधले पाच तास ती ट्यूब एका पिशवीत, मोटरसायकलला लटकून, सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात फिरत होती. गोळ्या बंद करू नका, असं मावशींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी करड्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन अर्ध्या तासात प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा रक्ताचा पातळ भाग, वेगळा करून तपासला. शुगर १४६. तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सीही ७.९ होती.

पहिल्या दिवशी मशीनने चूक केली नव्हती. त्या ट्यूबमध्ये खरोखरच ९८ एवढीच साखर उरली होती. बाकीची लाल पेशींनी खाल्ली होती. शरीराबाहेर काढलेलं रक्त काही तास जिवंतच असतं. पेशींना साखर लागते, आणि त्या ती वापरत राहतात. साध्या खोलीच्या तापमानालाही दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते. उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो.

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची मुलं आणि डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, करणारी मुलं, दोघांनाही शिकवलं. त्या अनुभवावरून एक गोष्ट मी ठामपणे मांडते. सोलापूर जिल्ह्यात आता तपासणीच्या मशीनची तेवढी वाण नाही. रक्त घेणाऱ्या हाताला आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डोळ्याला हा विषय नीट शिकवला जात नाही, आणि रोगनिदान तिथे फसतं.

करड्या ट्यूबचंच घ्या. त्यात सोडियम फ्लोराइड असतं. फ्लोराइड एनोलेज हे एन्झाइम बंद पाडतं आणि त्यामुळे साखर टिकते, हे वाक्य आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. तोंडी परीक्षेत ते घडाघडा म्हणतात. मग मी विचारायची, "ट्यूबमध्ये फ्लोराइड असूनही पहिल्या तास-दीड तासात साखर थोडी कमी होतच राहते. का?" वर्गात शांतता. उत्तर त्यांच्याच वहीत असतं. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत साखर फोडण्याच्या, दहा पायऱ्यांत एनोलेजची पायरी नववी. खालचं दार बंद झालं तरी वरच्या पायऱ्यांवर ग्लुकोज आत घेतलं जातंच, आणि तो ओघ आटायला वेळ लागतो. म्हणून फ्लोराइडच्या ट्यूबचंही रक्त लवकर वेगळं करावं लागतं, किंवा बर्फात ठेवावं लागतं. ज्याला हे कळलं, तो करडी ट्यूबही दुपारपर्यंत पिशवीत ठेवणार नाही. ज्याने फक्त वाक्य पाठ केलं, तो निर्धास्त राहील. पाठांतर आणि समज यांतला हा फरक शेवटी घरकुलातल्या मावशींच्या गोळीपर्यंत जाऊन पोहोचतो, म्हणून मला तो बोचतो.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणात हा विषय पहिल्या वर्षात येतो, शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीने. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे या शहरातून डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या घडून बाहेर पडल्या. पण जवळपास सगळ्यांची आठवण एकच असते: क्रेब्स सायकलचं चक्र, रात्रभर घोकलेली एन्झाइमची नावं, आणि परीक्षा झाल्यावर कपाटात गेलेलं पुस्तक. पुढे वॉर्डात पाय ठेवल्यावर रोज त्यांच्या हातात जो कागद येतो, तो मात्र त्याच विषयाचा असतो. क्रिएटिनिन, बिलिरुबिन, सोडियम, पोटॅशियम, ट्रोपोनिन. विषय सोडून तीन-चार वर्षं झालेली असतात, आणि तो खऱ्या अर्थाने सुरू तिथे होतो.

क्रिएटिनिनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ०.६ ते १.२ ही मर्यादा बहुतेक रिपोर्टांवर छापलेली असते. आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक पंचवीस वर्षांचा, चांगला धडधाकट, एमआयडीसीत हमाली करणारा तरुण. दुसऱ्या सत्तर वर्षांच्या आजी, आयुष्यभर विड्या वळून हाडांचा सापळा झालेल्या. दोघांचंही क्रिएटिनिन १.२. दोन्ही रिपोर्टांवर ठळक अक्षर नाही, बाण नाही. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. तरुणाचे स्नायू भरपूर, त्यामुळे त्याचं १.२ स्वाभाविक. आजींच्या अंगावर मांसच नाही, तरीही १.२ साचलंय, म्हणजे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाहीयेत. २०२१ च्या सुधारित सूत्राने हिशेब केला, तर तरुणाची गाळण्याची क्षमता ८६ च्या आसपास येते आणि आजींची ४९ च्या आसपास. जवळजवळ निम्म्याचा फरक, आणि आकडा एकच. या आजींना गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात, कारण 'किडनी नॉर्मल आहे' असं रिपोर्ट म्हणतो. खरं तर रिपोर्ट तसं म्हणतच नसतो. तो फक्त १.२ म्हणतो. त्याचा अर्थ लावणं हे शिकलेल्या माणसाचं काम.

एचबीए१सीचंही तसंच. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेल्या बाईत ही तपासणी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. आपल्या जिल्ह्यात रक्त कमी असलेल्या बायका कमी नाहीत. ६.६ आकडा दिसला की लगेच मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन किती आहे हे पाहायला हवं, उपाशीपोटीची शुगर करायला हवी. ही काही दुर्मीळ, परदेशी शहाणीव नाही, पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे.

आता एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "मॅडम, आता सगळं ऑटोमॅटिक झालंय. मशीनच कंट्रोल चालवतं, मशीनच चूक पकडतं." मशीनविषयी माझ्या मनात आदरच आहे. १९५७ मध्ये पहिलं ऑटोॲनालायझर बाजारात आलं, तेव्हापासून या क्षेत्राचं रूप बदललं. त्याआधी एकेका तपासणीसाठी पिपेट तोंडाने ओढत, रंग डोळ्यांनी जुळवत माणसं बसायची. त्याही आधी, १९५० मध्ये, लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी रोजच्या कंट्रोलचे, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा नमुन्याचे, आकडे आलेखावर मांडायची पद्धत प्रयोगशाळेत आणली. आजही चांगल्या लॅबमध्ये सकाळी पेशंटचं पहिलं सॅम्पल लावण्याआधी तो आलेख पाहिला जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून बाह्य गुणवत्ता तपासणीचे नमुने येतात, देशभरातल्या लॅब ते तपासून आपला आकडा कळवतात, आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते त्यांना कळतं. हे सगळं झालंच पाहिजे. पण कंट्रोलची बाटली कधी मोटरसायकलवरून येत नाही. ती फ्रीजमधून येते. मशीनच्या आत काय घडतं तेवढंच ती सांगते. मशीनच्या आधी काय घडलं हे तिला माहीत नसतं, आणि प्रयोगशाळेतल्या एकूण चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका नमुना मशीनमध्ये जाण्याआधीच होतात, असं जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला की प्रथिनं आणि कॅल्शियम वाढून येतात. पेशंटला मूठ उघडझाप करायला लावली की पोटॅशियम वाढतं. सलाइन चालू असलेल्याच हातातून रक्त काढलं की काय येईल ते सांगता येत नाही. आणि बारीक सुईने ओढलेलं रक्त सिरिंजमधून जोरात ट्यूबमध्ये सोडलं, तर लाल पेशी फुटतात. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त पोटॅशियम असतं. ते सगळं सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्यात, उतरतं.

अशा एका पोटॅशियमपायी एक शेतकरी कुटुंब रात्री अकराला गाडी भाड्याने करून, तालुक्याच्या गावाहून सत्तर किलोमीटर सोलापूरला आलेलं मला माहीत आहे. आकडा होता ६.८. हृदय केव्हाही थांबू शकतं, असं त्यांना सांगितलं होतं, आणि आकडा खरा असता तर ते बरोबरच होतं. इथे पोहोचल्यावर ईसीजी काढला, तो साफ. पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम ४.३. पहिल्या नमुन्याचं सीरम फुटलेल्या पेशींमुळे गुलाबी असणार, आणि ते कुणीतरी पाहिलंही असणार. पण गुलाबी दिसलं तर रिपोर्ट द्यायचा नाही, नमुना परत मागायचा, हे सांगणारं कुणी तिथे नव्हतं. किंवा सांगण्याची हिंमत नव्हती. त्या घरच्या म्हाताऱ्या आईने गाडीत सगळी रात्र विठ्ठलाचं नाव घेत काढली. मला त्या तालुक्यातल्या तरुण डॉक्टरचा राग येत नाही, त्याने कागदावर विश्वास ठेवला. राग येतो तो आपण त्या मुलांना, डॉक्टरला आणि टेक्निशियनलाही, काय शिकवून पाठवलं याचा.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्यानंतर सहीचा वाद खूप रंगला. पॅथॉलॉजिस्ट, बायोकेमिस्ट, टेक्निशियन, प्रत्येकाची बाजू मी ऐकली आहे, आणि त्यांपैकी कुणी लबाड आहे असं मला वाटत नाही. जबाबदार सही हवीच. सहीशिवायचा किंवा भाड्याच्या सहीचा रिपोर्ट म्हणजे पेशंटशी केलेली फसवणूक आहे. पण सही होते शेवटी. मावशींच्या ट्यूबमधली साखर तोवर संपलेली होती, आणि कितीही मोठ्या पदवीच्या माणसाने सही केली असती तरी ती परत आली नसती. कायद्याची सगळी शक्ती आपण साखळीच्या शेवटच्या कडीला लावली, आणि पहिली कडी बारावी पास, दोन महिने कुणाच्या तरी हाताखाली शिकलेल्या, तुटपुंज्या पगारावरच्या मुलाच्या हाती सोडली. २०२१ चा सहयोगी आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा वैद्यकीय प्रयोगशाळा विज्ञानालाही एक व्यवसाय म्हणून मान्यता देतो. त्याची अंमलबजावणी तालुक्यापर्यंत नेटाने झाली पाहिजे, आणि त्यात नमुना घेण्याचं प्रशिक्षण ही सक्तीची गोष्ट असली पाहिजे.

सरकारी व्यवस्थेतही हाच प्रश्न उरतो. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१९ मध्ये अत्यावश्यक तपासण्यांची राष्ट्रीय यादी काढली. केंद्राच्या मोफत निदान सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि उपकेंद्रासाठी १४ तपासण्या ठरवल्या आहेत. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या वाडीतल्या बाईला थायरॉइडची तपासणी फुकट मिळावी, याहून चांगलं काय? पण जितकी यादी लांब, तितके नमुने लांबून प्रवास करणार. अंतर आणि ऊन यांचा हिशेब त्या यादीत कुठे तरी लिहिलेला असायला हवा. आरोग्य केंद्रात एक छोटं सेंट्रिफ्यूज, बर्फाचा डबा आणि ते दोन्ही का वापरायचं हे उमजलेली एक परिचारिका, एवढ्यावर पुष्कळ काही वाचतं.

आषाढीला पंढरपुरात आणि गड्ड्याच्या जत्रेत सोलापुरात आरोग्य शिबिरं लागतात, तेव्हाची एक बारीकशी गोष्ट सांगते. ग्लुकोमीटरवर बोटाचं रक्त घेतात. हाताला पेढ्याचा, प्रसादाचा, केळ्याचा गोडवा लागलेला असतो. तो थेंबात मिसळला की शुगर भलतीच जास्त दिसते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर अशा वेळी विसंबता येत नाही, हात पाण्याने धुवायला हवेत. वारकरी माऊलीला 'तुम्हाला साखर आहे' असं सांगून घाबरवण्याआधी एक तांब्या पाणी.

याच्या दुसऱ्या टोकाला 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती आहेत. सत्तर तपासण्या, ऐंशी तपासण्या, अमुक रुपयांत. लोक आनंदाने जातात, आणि मला त्यांची काळजी वाटते. 'नॉर्मल' मर्यादा ठरवतानाच ती अशी ठरवलेली असते की शंभरातली पंच्याण्णव निरोगी माणसं तिच्या आत यावीत. म्हणजे पाच निरोगी माणसं बाहेर राहणारच. आता एकाच निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यातली एक तरी ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के होते. शाळेतलं संभाव्यतेचं गणित आहे हे. मग तो माणूस रात्रभर झोपत नाही, पुढच्या तपासण्या करतो, पैसे जातात. डॉक्टरने पेशंट पाहून, प्रश्न मनात धरून केलेली एक तपासणी अशा ऐंशींपेक्षा जास्त सांगते. लॅबच्या उत्पन्नाच्या दृष्टीने हे बोलणं परवडणारं नाही, याची मला कल्पना आहे.

वैद्यकीयच्या मुलांवर आधीच ओझं आहे, त्यात आणखी काय घालता, असं माझे सहकारी विचारतात. ओझं आहे हे मला मान्य. म्हणूनच माझं म्हणणं आहे की पहिल्या वर्षातलं थोडं कमी करा आणि ते इंटर्नशिपमध्ये न्या. प्रत्येक इंटर्नने दोन आठवडे लॅबच्या नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर उभं राहावं. कुठली ट्यूब परत पाठवली आणि का, याची नोंद त्याने स्वतःच्या हाताने करावी. डीएमएलटीच्या मुलांना वॉर्डात न्यावं, ज्याचं पोटॅशियम त्यांनी काढलं तो माणूस दाखवावा. आणि प्रत्येक रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ छापावी, लॅबमध्ये पोहोचल्याची वेळ तेवढी पुरत नाही. नमुना परत मागणाऱ्या लॅबवर पेशंट चिडतात, "एवढं साधं रक्त घेता येत नाही का?" म्हणतात. त्यांनाही आपणच सांगायला हवं की परत मागणारी लॅब तुमची काळजी घेतेय.

या विषयात आपल्या माणसांनी मोठं काम केलेलं आहे, हे शिकवताना सांगायला मला आवडायचं. रक्तातलं फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी प्रसिद्ध केली. सुब्बाराव म्हणजे भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. सोलापूरच्या पूर्व भागातून आलेली, घरी तेलुगू बोलणारी, वडील मागावर काम करणारी मुलं माझ्या वर्गात असत. प्रात्यक्षिकात निळा रंग उमटला की मी हे नाव सांगायची. ती मुलं एकदम ताठ बसायची. हा विषय परक्यांचा, पाठ करून विसरायचा, असं मग त्यांना वाटत नसे.

शिकवण्याच्या शेवटच्या काही वर्षांत मी एक प्रश्न बदलला. फ्लोराइडची कृती लिहा, एडटाची (ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) कृती लिहा, असं विचारणं सोडलं. त्याऐवजी एक रिपोर्ट द्यायची: चाळिशीतली बाई, तपासायला आलीये म्हणून तपासलेली, चालत-बोलत. पोटॅशियम ८.१, कॅल्शियम ४.२, अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जवळजवळ नाहीच. वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनवर काय सांगाल?

बऱ्याच मुलांनी उपचार लिहिले. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन, डायलिसिस. पाठ्यपुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. पण जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं पोटॅशियमयुक्त एडटा लाल ट्यूबमध्ये गेलं की नेमके हेच तीन आकडे येतात. एडटामधलं पोटॅशियम सीरममध्ये येतं, एडटा कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि जस्त-मॅग्नेशियमही ओढून घेतल्यामुळे ते एन्झाइम निकामी होतं. खरा पेशंट असं तिन्ही एकदम दाखवून चालत बोलणार नाही.

डीएमएलटीच्या वर्गातल्या, अक्कलकोटकडच्या एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या. "डॉक्टर, पेशंट कशी आहे? रक्त घेताना आधी जांभळी ट्यूब भरली होती का, की जांभळीतलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतलं? मी येते, मी स्वतः परत घेते."